गणपतीने गिळलेली गोळी

दिनानाथांनी झाडलेली गोळी पेणच्या गणपतीने हवेतल्या हवेत गिळली, ही बातमी रोह्यात कानोकानी फिरली त्याला आता दोन वर्षं होतील. मंडईत गेलात तर गोळी गिळताना सोंड हललेली पाहिलेले दोन साक्षीदार अजून भेटतील. त्यातला एक त्या दिवशी महाडला मेव्हणीकडे होता, पण त्याने काय बिघडतं?

हा विषय निघाला की दिनानाथांचे व्याही जनू एकदम आंब्याच्या मोहोराची चौकशी करायला लागतात.

हे जनू म्हणजे पेणच्या रामवाडीतले. कारखान्यात मूर्तींची आखणी करतात, म्हणजे गणपतीचे डोळे काढतात. श्वास रोखायचा आणि ब्रशचा एकच फटकारा मारायचा. चुकला तर देव तिरळा. बायकोशी, धोंडुबाईशी बोलताना त्यांचा हात कापेल, पण ब्रश धरला की हलायचं नाव नाही. या हाताच्या जोरावर ते रविवारची गाडी पकडून रोह्याच्या रायफल क्लबात जाऊ लागले. नेलं दिनानाथांनीच. लेक मृणालीचे सासरे, क्लबातले जुने नेमबाज आणि स्वतःचे सर्वांत मोठे चाहते.

"या व्याहीबुवा, तुम्ही डोळे काढता, आम्ही डोळा फोडतो, बघा तरी!"

पुढे जनूंचा नेम बरोबरीला आला आणि दिनानाथांना आमंत्रणाची आठवण राहीनाशी झाली.

क्लबात नवी पोरं चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची. ती भीती मोडायला तिथली प्रशिक्षक अपेक्षा एक युक्ती करायची. काडतुसाच्या बुडाशी चिमुकली टोपी असते. तिच्यावर आपटलं की ठिणगी पडते, ठिणगीने दारू पेटते आणि दारू गोळीला फेकते. अपेक्षा दारू घालायचीच नाही, गोळीही नाही. नुसती टोपी. फट्ट! लवंगी फटाक्याएवढा आवाज, खांद्याला धक्का नाही, पोरं खूश.

जनूंना या टोपीचं भारी कौतुक. एवढीशी, पण एकटीच आवाज करते, जाळ काढते. कुणी खणखणीत वाजते, कुणी नुसती शिंकते. पण काडतुसाचं बोळकं तोंड त्यांना बघवेना. बिनडोळ्यांची मूर्ती कारखान्याबाहेर न सोडणारा माणूस तो! त्यांनी शाडूच्या गोळ्या वळल्या, वाळवल्या, मुकुटाला मारतात तो सोनेरी रंग मारला आणि त्या काडतुसांच्या तोंडात बसवल्या. एकट्या टोपीच्या जोरावर शाडू जाणार किती? चार पावलं जायची आणि हवेतच भुकटी. पण दिसायला अशी, की खरी काडतुसं तिच्यापुढे कळकट दिसावीत.

अशात मृणालीला मुलगी झाली. नाव आत्याने ठेवायचं, तर जावई प्रणितला बहीणच नाही. मग दोन्ही आजे पुढे सरसावले. दिनानाथांना 'किमया' हवं होतं. जनूंना 'शांती', त्यांच्या आईचं. ती जनू लहान असतानाच गेली. तिचा फोटोही नाही, मागे राहिलं ते एवढं नावच. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, "आमचं नाव झ्याक हाय."

"झ्याक? व्याहीबुवा, शाळेत पोरं हसतील!"

"किमया म्हणजे काय रसायनाची कंपनी हाय?"

शेवटी प्रणितच वैतागला. "तुम्ही दोघं रविवारी नेम लावा. जिंकेल त्याचं नाव. आणि आम्हाला झोपू द्या."

त्या रविवारी धोंडुबाईही रोह्याला आली, नातीसाठी डिंकाचे लाडू घेऊन. मैदानावर दोघे आजे शेवटपर्यंत बरोबरीत. निकाल एकेका गोळीवर आला. अपेक्षा निशाणाचे कागद बदलायला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "काकू, तेवढं दोघांपुढे एकेक काडतूस ठेवा ना."

टेबलावर दोन ताटल्या होत्या. एकीत कळकट माल. दुसरीत जनूंनी सकाळीच आणलेला, लखलखीत. धोंडुबाईने कळकटातलं एक नवऱ्यापुढे ठेवलं. मग पदर सावरून लखलखीतातलं एक दिनानाथांपुढे.

दिनानाथांनी ते तळहातावर तोललं. चष्मा खिशात होता, कारण बायकांसमोर ते चष्मा लावत नसत. "हलकं लागतंय."

"नवीन माल असंल," धोंडुबाई म्हणाली.

आधी जनूंनी झाडली. मधल्या ठिपक्याच्या जरा डावीकडे. दिनानाथ हसले, आडवे झाले, नेम धरला.

फट्ट!

"थांबा! नळी निशाणाकडेच ठेवा," अपेक्षा ओरडली. गोळी नळीत अडकली असली तर पुढची जीव घेईल, हा तिचा पहिला धडा. बराच वेळ वाट बघून तिने रायफल उघडली, नळीतून गज घातला. गज आरपार गेला. नळी मोकळी. कागद कोरा. गजाच्या टोकाला मात्र राखाडी भुकटी.

जनूंनी ती भुकटी लांबूनच ओळखली. आयुष्य तिच्यात गेलेलं. तोंड उघडणार, तोच धोंडुबाई कानाशी कुजबुजली, "व्याह्यांना चांगल्यातली दिली हो मी. मान ठेवला."

जनू पेचात पडले. बोलावं तर आईचं नाव जातं आणि बायकोचं जन्मभर हसं होतं. न बोलावं तर समोर व्याही बापडा घामाघूम.

"पुन्हा झाडा, काका. ही धरायची नाही," अपेक्षा म्हणाली.

जनूंनी मान डोलावली. "व्हय, व्हय, झाडा." तेवढा प्रामाणिकपणा त्यांना झेपला.

पण दिनानाथांनी भुकटी बोटावर घेतली होती. त्यांनी ती हुंगली आणि कान पकडले. "शाडूचा वास! नाही रे बाबा. देवाच्या डोळ्यांशी ज्याचा रोजचा व्यवहार, त्याच्याशी मी पैज लावली. गणपतीनेच गिळली गोळी. शांती तर शांती!"

"अहो, पण..." जनू म्हणाले.

"बोलू नका, व्याहीबुवा. देवाला कळलं."

बारशाला नाव शांतीच ठेवलं. पोरगी रडायला लागली की कुंडलिका नदीच्या पलीकडचे लोक खिडक्या लावतात, आणि दिनानाथ अभिमानाने सांगतात, हे नाव खुद्द गणपतीने ठेवलंय. जनू दरवर्षी त्यांच्या घरच्या मूर्तीची आखणी फुकट करून देतात. का, ते कुणी विचारत नाही.

गणपतीने काही गिळलं नव्हतं. धोंडुबाईने दिलेलं काडतूस सरावाचं होतं. त्यात दारू नव्हती, नुसती टोपी होती. गोळी शाडूची होती आणि ती चार पावलांवर फुटली.