दुसरी तार

मंगळवारी सकाळी माझी बायको गेली. तेराव्यानंतर वरच्या मजल्यावरचे शेजारी आले. ते हिंजवडीला सॉफ्टवेअर लिहितात, पण तिची गिटार नेहमी कानानंच सुरात लावून द्यायचे, डोळे मिटून, स्वतःशी गुणगुणत. मी संगणकावर ट्यूनर घेतला, तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, वर भाऊजी असताना हे कशाला?" तेव्हा तेही तिथेच होते; दोघं हसली होती. ते हसणं मला अजून बोचतं.

या वेळी त्यांनी न विचारताच गिटार उचलली आणि लावली. मी ट्यूनरवर तपासली.

"दुसरी तार किंचित उतरलेली आहे," मी म्हणालो.

"वहिनींना तशीच आवडायची. तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत नव्हतं.

आता गिटार माझ्याकडे आहे. ती लावायला मी त्यांनाच बोलावतो.