सासूबाई गप्प राहिल्या तो दिवस

आमच्या गल्लीतला फ्रेमवाला भिंतीवर फ्रेम टांगताना पाणसळ, म्हणजे ती बुडबुड्याची पट्टी, कधी लावत नसे. बुडबुडा आपल्या डोळ्यातच आहे, म्हणायचा. दुकानात काचा पुसायला बसणाऱ्या त्याच्या सासूबाई मात्र त्याने टांगलेली प्रत्येक फ्रेम बघून म्हणत, "वाकडी!" फ्रेम सरळच असे. वीस वर्षं हेच.

"डोळे तपासून घ्या, सासूबाई."

"मुलगी देताना तुमचे तपासले नाहीत, जावईबापू, तिथेच चुकले."

एका सकाळी अर्धवट उघडलेल्या शटरवर त्याचं डोकं दाणकन आपटलं. क्षणभर सगळं पांढरं झालं. रक्त नाही, नुसतं टेंगूळ. पाणी प्यायला आणि कामाला लागला. दुपारी वाचनालयात शिडीवर चढून मोठा आरसा लावायचा होता. त्याआधी त्याने दुकानात एक फ्रेम टांगली आणि नेहमीसारखा शेऱ्याची वाट बघत उभा राहिला.

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत.

फ्रेम चांगली दोन बोटं कलली होती. त्याला ती सरळ दिसत होती. माणूस आतून कलला की त्याला कललेलं जगही सरळ वाटतं.

"आरसा कुठे लावायचाय?" त्याने विचारलं. तिसऱ्यांदा.

त्यांनी त्याचा दंड धरला. "दवाखान्यात चला."

"अहो, साधं टेंगूळ आहे."

"चला म्हटलं ना!"

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "कवटी शाबूत आहे, पण आत मेंदूला हिसका बसलाय. आराम करा. उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढली किंवा जाग येईना, तर लगेच आणा. मी सांगेपर्यंत शिडी बंद. यावर दुसरा मार बसला असता तर जिवावर बेतलं असतं."

घरी त्याला उजेड टोचायचा. चमचा पडला तरी तो खेकसायचा, मग ओशाळायचा. बायकोने दुकान सांभाळलं. सासूबाई पडदे ओढून खाटेशी बसल्या.

"माझी नजर परत येईल ना?"

"येईल. पडून राहा."

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी कामाची परवानगी दिली. त्याने तीच फ्रेम पुन्हा टांगली. सासूबाईंनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"वाकडी!"

त्याने शेजारच्या गवंड्याची पाणसळ मागून आणली, फ्रेमवर ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला. तो स्टुलावर बसला, डोळे पुसले.

"सासूबाई, परत एकदा म्हणा."