पाटावरचा कोयता

दसऱ्याला घरात कोणी कोयता उचलला की मला फिलिपाइन्स आठवतं. माझी पोरं यावर हसतात. हसोत बापडी.

तेव्हा मी रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. नवं मशीन बसवायला एक फिलिपिनो तंत्रज्ञ आला होता. शिरूरच्या लॉजवर राहायचा आणि तिथल्या डाळीला पार वैतागला होता. खंडेनवमीला आम्ही मशीनला झेंडूचा हार घालून मेन स्विच बंद केला, तेव्हा तो गांगरला. मी म्हटलं, आज हत्यारांना सुट्टी, उद्या दसऱ्याला उचलायची. त्याला ते इतकं आवडलं, की मी त्याला मोटरसायकलवर बसवून न्हावऱ्यामार्गे दौंड तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर मुक्कामालाच आणलं.

दिवस मात्र मी नेमका वाईट निवडला होता. सकाळीच चुलतभावानं ट्रॅक्टर घालून आमच्या उसाकडचा बांध कोरला होता. थोरला भाऊ, आमचा दादा, ओसरीत फेऱ्या मारत होता. तो तडक कोयता घेऊनच गेला असता, पण आईनं तो पहाटे धुऊन पाटावर मांडला होता आणि पूजेतलं हत्यार दसऱ्याआधी उचलत नाहीत. दादा कोणाच्या बापाला भीत नव्हता, आईच्या पाटाला भीत होता.

"उद्या उचलतो," तो म्हणाला, "मंग बघतोच त्याच्याकडं."

मी सरकारी मोजणी मागवू म्हणालो.

"तू कागद रंगीव. तवर त्यो समदा बांध खाईल."

पाहुणा पाटासमोर बसला होता. पाटावर कोयता, माझा पाना, माझं पेन आणि आजोबांची मेंढ्यांची लोकर कातरायची कात्री होती. मेंढरं कधीच गेली, कात्री राहिली. त्यानं पेनाकडे आणि कोयत्याकडे बोट दाखवलं आणि हसला. म्हणाला, आमच्या देशाचं भांडण तुम्ही एकाच पाटावर बसवलंय.

मग पुरणपोळी खाता खाता तो सांगत गेला आणि मी मराठीत आणत गेलो. त्यांच्यावर स्पेनचं राज्य होतं. डोळ्यांच्या एका डॉक्टरनं त्या जुलुमावर कादंबऱ्या लिहिल्या. बंडाला मात्र तो नको म्हणाला, लोक हकनाक मरतील म्हणून. तरी सरकारनं त्यालाच गोळ्या घातल्या. दुसरा गोदामात राबणारा गरीब माणूस. त्या कादंबऱ्या वाचून तो पेटला, आणि त्याच्या माणसांनी असेच कोयते हातात घेतले. गंमत म्हणजे बंडाला नको म्हणणाऱ्या डॉक्टरचंच नाव ते खुणेचा शब्द म्हणून वापरायचे. खरा वीर कोण, यावर तिथं अजून वाद होतात.

"ह्यात इचारायचं काय?" दादा म्हणाला. "कोयतेवाला! लिहून कुणी राज्य सोडतंय व्हय?"

पाहुण्याचे आजोबा ऊसतोड करायचे, तेही हेच म्हणायचे म्हणे. दादानं खूश होऊन त्याच्या पोळीवर आणखी तूप ओतलं. मला राग आला. पाहुणा मी आणलेला आणि फितूर झाला दादाला! पण आत कुठंतरी मलाही कोयतेवाल्याची कणव येत होती. डॉक्टरला लिहायला निदान टेबल तरी होतं. गोदामात राबणाऱ्यानं धीर कशाच्या जोरावर धरायचा? आमचा दादाही काही गुंड नव्हता. तो बांध त्यानं स्वतःच्या हातानं घातला होता.

मी विचारलं, डॉक्टरला शत्रूनं मारलं, मग कोयतेवाल्याचं काय झालं?

पाहुण्याचा हात ताटात थांबला. पुढारीपणावरून भांडण झालं, तो म्हणाला. आपल्याच माणसांनी त्याच्यावर खटला चालवला आणि डोंगरात नेऊन मारलं.

"मंजी भावकीच की," दादा हळूच म्हणाला.

वहिनी तव्यापाशी होती. "त्याला बायकू व्हती का?" तिनं विचारलं.

होती. कितीतरी दिवस ती त्या डोंगरात त्याचं प्रेत शोधत फिरली.

"घावलं का?"

पाहुण्यानं नकारार्थी मान हलवली. तव्यावरची पोळी करपली, आणि ती उलटायचं कुणालाच सुचलं नाही.

सकाळी दादानं आंघोळ केली, पाटाला हात जोडले आणि कोयता उचलला. आई काय बोलणार? दिवसच उचलायचा होता.  दादा ओसरी उतरला, तशी वहिनीनं चपला घातल्या आणि त्याच्या मागं निघाली.

"तू कुठं?"

"तुमच्या संगट. मागनं डोंगर हुडकत फिरण्यापरीस आत्ताच आल्याली बरी."

"हितं कुठला आलाय डोंगर?" दादा ओरडला.

"मंग बरंय," वहिनी म्हणाली. "लवकर घावाल."

 दादा मग बांधाकडे न जाता गुरांसाठी कडवळ कापायला वळला. भारा पुरा होईपर्यंत वहिनी चपला न काढता तिथंच बसून राहिली.