हातोड्याचा एक घाव

खडबडीत दगड हट्टूशला बघवत नसे. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर टेकला तरी त्याचा अंगठा दगडाची कड चाचपत राही. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांपैकी तो नव्हता. जवळच्या मिस्पा गावात जन्मला आणि यरुशलेमच्या उताराखालच्या खाणीत दगड घडवत पन्नाशीला आला. जळालेल्या मंदिराच्या गोष्टी वडिलांनी सांगितल्या होत्या. ते पुन्हा उभं राहील तेव्हा त्यात आपल्या हातचा एक दगड असावा, एवढीच त्याची इच्छा होती.

परतलेल्यांनी आधी वेदी उभारायला घेतली. वेदीचे दगड रानातून जसेच्या तसे आणायचे. लोखंड लागलं की दगड बाटला. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. अचूक दगड निवडण्यात हट्टूशचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून त्याला वर बोलावलं.

सणाच्या आदल्या दिवशी तळातला एक दगड डुगडुगू लागला. हट्टूशने कमरेचा हातोडा काढला आणि टवका उडवला. दगड बसला. त्यावर पुढचे थर चढले, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. कोणी पाहिलं नव्हतं.

दुपारी घरी त्याने डाळीला हात लावला नाही.

"आळणी झालीय का?" बायकोने, अहलाईने विचारलं.

"वेदीच्या दगडावर हातोडा मारला मी."

"अरे देवा! कोणी बघितलं?"

"नाही."

"मग गप जेवा. एकदा घालवलं तर पुन्हा वर घेतील का तुम्हाला?"

"उद्या त्यावर होम पेटायचाय, अहलाई."

तिने त्याच्यापुढचं ताट उचललं. "मग आत्ताच जा. डाळ झाकून ठेवते."

वेदीचं काम पाहणाऱ्या इद्दो याजकाने ऐकून कपाळाला हात लावला. "हातोडा घेऊन वर आलासच कसा?"

"कमरेलाच असतो. काढायचं सुचत नाही."

"कुठला दगड?"

हट्टूशने दाखवला.

"तळातलाच सापडला का रे तुला?"

अंधार पडायच्या आत वेदी तळापर्यंत उतरवून पुन्हा रचली. "यापुढे तू वर यायचं नाहीस," इद्दो म्हणाला. हट्टूश खाणीत परतला.

दुसऱ्या वर्षी मंदिराचा पाया घालायचा ठरला. त्याचे दगड घडवलेले चालतात, पण घडवायचे खालीच. वर लोखंडाचा आवाज होता कामा नये. कोपऱ्याचा दगड हट्टूशकडे आला. इद्दोचा निरोप होता: नाही बसला, तर तसाच परत पाठवू.

"काय हट्टूशभाऊ, दगडाबरोबर हातोडा नाही ना बांधलास?" गाडीवान पेलाया म्हणाला आणि बैल हाकले.

दुपारी डोंगरावरून कल्लोळ उठला. अहलाई भाकरी घेऊन आली होती. "रडतायत हो," ती म्हणाली.

"नाही, आनंदाचं ओरडणं आहे."

पण नीट ऐकलं तेव्हा त्यालाही सांगता येईना. भाकरी तशीच राहिली.

ऊन उतरल्यावर वळणापलीकडे गाडी वाजली. भरलेली गाडी करकरते. ही खडखडत येत होती.

"जुनं मंदिर पाहिलेले म्हातारे ढसाढसा रडले, तरणे नाचले," पेलाया बैल सोडत म्हणाला. "काही विचारू नका."

"आणि दगड?"

"दगडाचं काय? बसला."

हट्टूशने भाकरी मोडली.