पांढऱ्या पिल्लांचे कान

इंद्राणीमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आमच्या बेटावर माएबूर्ग गावाच्या वर, डोंगराच्या बाजूला उसाच्या मळ्याच्या एका मालकाचं हरणांचं रान होतं. तिथली बावीस शिकारी कुत्री तिच्या ताब्यात होती. खरं तर ते काम तिच्या नवऱ्याचं, तुलसीरामकाकांचं. ते १९७३ साली गेले. मालक म्हणाला, "कुत्री सांभाळणार असशील तर घरात राहा." घर मळ्याचंच. पोरगी भगवती अजून शाळेत जात होती. मावशीने पदर खोचला आणि ती रोज पहाटे मार्मीत नावाच्या भल्यामोठ्या पातेल्यात भात, मका आणि हाडं शिजवायला लागली.

दोन वर्षांनी मालकाने शेजारच्या रेयुनियों बेटावरून कुत्र्यांची एक जोडी आणली. दोघंही निळसर राखाडी, अंगावर शाई सांडल्यासारखे काळे डाग. नराचं नाव सांद्र, म्हणजे राख. मादीचं ब्रुम, म्हणजे धुकं. असा रंग आमच्या बेटावर कुणी पाहिला नव्हता. त्यांना सात पिल्लं झाली, त्यातली दोन पांढरीशुभ्र. मालक हरखून गेला. पांढरं कुत्रं झाडीत लांबून दिसतं, चुकून गोळी लागायची भीती नाही. "अशीच हवीत," तो म्हणाला.

पण डोळे उघडले तेव्हा त्या दोघांतल्या एकाचे मिऱ्याएवढेच होते. ते दूध शोधत चाचपडायचं, महिन्याभरात गेलं. दुसरं वाढलं, पण शिंग फुंकलं तरी परत येईना. नंदलाल हा हाकाऱ्यांचा, म्हणजे आरोळ्या ठोकून हरणं बंदुकांसमोर हाकणाऱ्या माणसांचा मुकादम. त्याच्या मते कुत्रं हट्टी होतं. त्याने पट्ट्याने मारून पाहिलं, मग मालकाच्या हुकमाने गोळी घातली.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच जोडी. आठ पिल्लं, दोन पांढरी. मळ्यावर बायका कुजबुजायला लागल्या की विधवेच्या हातचं खाऊन कुत्री बिघडतात. नंदलाल तोंडावर म्हणाला, "वहिनी, तुम्ही लाडावून ठेवता, म्हणून ऐकत नाहीत."

एके दुपारी सगळी पिल्लं झोपलेली असताना मावशीने मार्मीतीचं झाकण दगडावर आपटलं. काळी, राखाडी पिल्लं ताडकन उठली. पांढरी दोन्ही तशीच पडून. ती जवळ गेली, पायाने जमीन दणकली, तेव्हा कुठे त्यांनी डोकं वर केलं.

ती मला पुढे म्हणाली होती, "त्या दिवशीच मला कळलं. पण बोलले नाही. मालकाच्या आवडत्या जोडीत खोट आहे, हे मी सांगायचं? घर गेलं असतं."

त्या दोनांतलं एक पिल्लू वर्षाचं होताच नंदलालने तेही मारलं. उरलं ते मावशीने 'कापूस' म्हणून हाक मारलेलं. त्याला ती गुपचूप हाताच्या खुणा शिकवत होती. त्याच काळात मालकाने ब्रुमला शार्बों नावाच्या काळ्याकुट्ट नराकडे दिलं. नऊ पिल्लं झाली, काही काळी, काही राखाडी. पांढरं एकही नाही, आणि झाकण आपटल्यावर नऊच्या नऊ उठली. मावशीच्या मनात गणित पक्कं झालं.

१९७७ चा ऑगस्ट. रविवारची शिकार. मालकाचे पाहुणे बंदुका घेऊन रांगेत उभे होते. मावशी वाटेवर गाडीशी पाण्याची भांडी घेऊन थांबली होती. पहिला हाका संपला, शिंग वाजलं, कुत्री एकेक करून आली. मावशीने मोजली. एक कमी.

"नंदलालभाऊ, कापूस कुठाय?"

"घळीत असेल. येईल नाहीतर राहील." त्याने दुसऱ्या हाक्यासाठी माणसांना वर चढायची खूण केली. आता हरणं याच घळीतून पळणार होती आणि बंदुका घळीवर रोखल्या जाणार होत्या.

"शिंग पुन्हा वाजवा!"

"तीनदा वाजवलं!"

मावशीला खाली झाडीत पांढरं काहीतरी हललेलं दिसलं. कापूस हुंगत होता, सगळ्यांकडे पाठ करून. वरून हाकाऱ्यांच्या आरोळ्या सुरू झाल्या. मावशी भांडी टाकून घळीत उतरली.

"आरेते! थांबा!" मागून कुणीतरी किंचाळलं. वरून हरणांच्या खुरांचा आवाज येत होता. एक गोळी सुटली, तिच्या डाव्या हाताला फांदी तुटून पडली. ती वाकली नाही. लाल ओढणी डोक्यावर धरून चालत राहिली. हरणांचा कळप तिच्यापासून दहा हातांवर फुटून दोन्ही बाजूंनी निघून गेला. तेव्हा मालकाचा आवाज आला आणि बंदुका खाली झाल्या.

ती कापसाला उचलून वर आली. मालकाचा चेहरा रागाने लालभडक झाला होता.

"वेड लागलंय? मेली असतीस!"

"म्सिये, ली पा तांदे," मावशी धापा टाकत म्हणाली. "त्याला ऐकू येत नाही. याआधी मारलेल्या दोघांनाही येत नव्हतं."

मालकाने कापसाला गवतात बसवायला लावलं, स्वतःची बंदूक उचलली, मग तो कुत्र्याच्या मागे वीस पावलं गेला आणि आभाळात बार काढला. बांधलेली सगळी कुत्री हिसके देऊन भुंकायला लागली. एक पाहुणा दचकून मागे सरला. कापूस मावशीच्या पायाचा चिखल चाटत होता.

नंदलाल मटकन दगडावर बसला.

"राखाडीला राखाडी दिला की पांढरी होतात," मावशीने आता थांबायचं नाही असं ठरवलं होतं. "काळ्याला दिलं तर होत नाहीत. तिन्ही वेळी मीच पिल्लं काढली, म्सिये. जोडी तोडा."

मालक गाडीत बसून निघून गेला. पुढचे बारा दिवस मावशीने भगवतीच्या कपड्यांचं बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं. घर सोडायचा निरोप आज येईल, उद्या येईल.

तेराव्या दिवशी मालक जनावरांच्या सरकारी डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर तरुण होता, बो बासें गावचा, नाव इंद्रजीत. त्याने कापसाचे कान तपासले, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मावशीला एकेका पिल्लाबद्दल विचारलं. मग मालकाकडे वळून म्हणाला, "या बाईंचं बरोबर आहे. हा राखाडी रंग देणारं बीज आईकडून किंवा बापाकडून एकच आलं, तर कुत्रं बहुतेक वेळा धडधाकट असतं. दोघांकडून आलं तर अंगाचा रंग जवळजवळ पुसला जातो. केसांना रंग देणाऱ्या पेशी कानाच्या आतही लागतात. तिथे त्या नसल्या की कान मरतो. डोळ्यांचंही तसंच."

"म्हणजे हट्टीपणा नव्हता?" नंदलालने विचारलं.

"नाही."

नंदलालने टोपी काढली आणि तो कुत्र्यांच्या आवाराबाहेर गेला.

मालकाने जोडी तोडली. पाहुण्यांना मात्र सांगायचा, डॉक्टरने शोधून काढलं. मावशीला त्याचं वाईट वाटलं नाही. घर राहिलं, एवढं पुरे होतं. तिला टोचायचं ते वेगळंच. "दुसऱ्या वेळीच बोलले असते तर एक जीव वाचला असता," असं ती कित्येकदा म्हणायची, आणि आम्ही समजूत घालायला गेलो की हात वर करून थांबवायची.

कापूस पुन्हा रानात गेला नाही. तो मावशीच्या घरी राहिला. १९८३ साली ती भगवतीच्या सासरी, लालमती गावाला राहायला गेली, तेव्हा तोही गेला. बसच्या रस्त्यावर ती त्याला कधी मोकळं सोडायची नाही. तो दहा वर्षं जगला.

त्यानंतर एकदा बलराम नावाचा माणूस दोन राखाडी कुत्री घेऊन तिच्या दाराशी आला. पिल्लं हवी होती, मावशीचं नाव कुणीतरी सांगितलं होतं. मावशीने दोन्ही कुत्री पाहिली, त्याला बाकावर बसवलं, चहा दिला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "एकदा करून बघायला काय हरकत आहे?"

"मी बघितलंय," मावशी म्हणाली. "तुम्ही नका बघू."