समिती जामिनावर असताना

ती घटना आठवली की आजही मन खट्टू होतं. दोन हजारच्या दशकात मी नॉटिंगहॅमला डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. कौन्सिलने तेव्हा एक शहाणपणाची गोष्ट केली होती. कोठडीची हवा खाऊन आलेल्या काही तरुण मुलांची सल्लागार समिती नेमली होती. त्यांची मागणी साधी होती: सतरा वर्षांच्या मुलाची चौकशी होताना शेजारी कोणी मोठं माणूस असावं, आणि त्यासाठी कौन्सिलने स्वयंसेवक द्यावेत. कारण सतरा पूर्ण झाली की कोठडीत कायदा मुलाला प्रौढच मानायचा. या मागणीवर मतदान होणार होतं. त्याआधी समितीच्या वतीने एक मराठी मुलगी बोलणार होती. दुकानातल्या चोरीत पूर्वी सापडलेली, वय सतरा.

मतदानाच्या तोंडावर कौन्सिलच्या इमारतीतून एक लॅपटॉप गेला. दार फोडलेलं नव्हतं. मग निनावी फोन आला, दाराचा कोड त्या पोरांकडे आहे. अशी खबर पोलिसाला लगेच पटते. आम्ही सगळी समिती उचलली.

मुलीची चौकशी माझ्याकडे होती. वकिलाची वाट बघत बसायचं नाही म्हणून तिने वकीलही नाकारला. टेप चालू असेपर्यंत तिने सगळं नाकारलं. टेप बंद झाल्यावर मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही पण एकटे नाही बसले. तुमच्या साइडला कॉन्स्टेबल आहे. माझा साइडला कोण आहे?"

मी टेपच्या पाकिटावर वेळ लिहिली.

पुरावा नव्हता, म्हणून सगळ्यांना जामिनावर सोडलं. कस्टडी सार्जंटने नेहमीच्या अटी घातल्या: संशयितांनी एकमेकांशी संपर्क ठेवायचा नाही, घटनास्थळी फिरकायचं नाही. या अटी सवयीने घातल्या जातात. इथे संशयित म्हणजे अख्खी समिती आणि घटनास्थळ म्हणजे मतदानाचीच इमारत, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढे तो लॅपटॉप एका सेकंडहँड दुकानात सापडला. दुकानाच्या कॅमेऱ्यात हीटिंग दुरुस्त करणारा माणूस दिसला. कोड त्यालाही दिलेला होता. फोनही आपणच केला, हे त्याने फारसे आढेवेढे न घेता कबूल केलं.

पण मतदान होऊन गेलं होतं. मुलं आलीच नाहीत, म्हणजे त्यांनाच आस्था नाही, असं कौन्सिलचे एक सभासद म्हणाले म्हणे. मागणी फेटाळली गेली.

प्रकरणातून नाव वगळल्याचं सांगायला मी मुलीच्या घरी गेलो. आई आत चहा टाकत होती. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी परत मांड."

"नेक्स्ट मंथ मी एटीन होते, काका. मला आता नको कोणी. माझा भाऊ सिक्स्टीन आहे."

निर्दोष माणसाला सोडलं की आपलं काम झालं, असं आम्ही समजतो. मधल्या काळात त्याचं काय हुकलं, हे विचारायची रीत आमच्याकडे नाही. पुढे कायदा बदलला, सतरा वर्षांच्या मुलांशेजारी मोठं माणूस बसू लागलं. तोवर मी निवृत्त झालो होतो. दरम्यानच्या वर्षांत माझ्यासमोर किती मुलं एकटी बसली, ते मला आज सांगताही येणार नाही.