उघड्या कार्डांचे दिवाणजी

सोमवार, ५ फेब्रुवारी १९७३. हजर : माझे यजमान, दिवाणजी, मी. गैरहजर : पैसे.

माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद अशीच आहे. राहात्यात आमचं मंडपाचं दुकान. कनाती, सतरंज्या, गाद्या, तक्के, खुर्च्या आणि दोन कर्णे. माल गेला किती, आला किती, याची यादी मी ठेवायची. भाडं कुणाकडे अडकलं, ते दिवाणजींनी पाहायचं. माझ्या यादीतल्या वस्तू फाटून का होईना, परत यायच्या. त्यांच्या यादीतल्या गोष्टी धडधाकट असून यायच्या नाहीत.

दिवाणजी मूळचे सोनईकडचे, ख्रिस्ती. मिशनच्या शाळेत घोटलेलं अक्षर असं, की उधारीचं मागणं लग्नपत्रिकेसारखं दिसावं. दिवाळीत वहीपूजनाला हळद-कुंकू तेच आणून ठेवत आणि बाजूला उभे राहत. "लक्ष्मी तुमची, शेठ, बेरीज माझी." रविवारी चर्चमध्ये एकमेकांची ऋणं सोडून देण्याची प्रार्थना करायचे आणि सोमवारी वसुलीला बसायचे. हे कसं जमतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ते देवाचं खातं, वहिनी. त्याला मांडव भाड्यानं घ्यावा लागत न्हाई."

थकबाकीचे मी महिन्यांप्रमाणे रकाने पाडून दिले होते. त्यांनी ते नाकारले नाहीत, फक्त वर आपली नावं लिहिली : तान्ही, चालती, लग्नाची, म्हातारी. तान्हीला हात लावायचा नाही. चालतीवर लक्ष ठेवायचं. "लग्नाला आलेली उधारी घरात ठिवू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हातारीला मात्र ते दरवर्षी नमस्कार करून पुढच्या वहीत नेऊन बसवत.

वसुलीचं त्यांचं हत्यार म्हणजे पोस्टकार्ड. उघडं. कार्ड मालकाच्या हाती पडेपर्यंत पोस्टमन, दुकानदार आणि चावडीवरचे चारजण ते वाचून मोकळे होत. त्यात उणा शब्द एकही नसे. "आपल्या चिरंजीवांचे लग्न थाटात झाले, खुर्च्या सुखरूप पोचल्या, भाडे तेवढे वाटेत आहे असे समजतो." पुढच्या बाजाराला माणूस पिशवी घेऊन दारात. "दिवाणजी, आवो गावभर केलं की तुमी!" यावर दिवाणजी गंभीरपणे म्हणत, "आमी न्हाई. सरकारचं टपाल हाय ते."

पुढाऱ्यांची पद्धत वेगळी. त्यांना आंतर्देशीय पत्र, सगळ्या बाजूंनी चिकटवलेलं, आणि त्यात भाडे 'सवडीने' द्यावे. हा माझ्या यजमानांचा नियम. गरिबाची लाज उघडी चालते, मोठ्याची झाकून न्यावी लागते, असं काही ते बोलले नाहीत. पत्रं मात्र तशीच जात.

त्या वर्षी दुष्काळ होता. लग्नं लांबली, सभा वाढल्या. खडी फोडण्याच्या कामाचं उद्घाटन, मग पाहणी, मग पाहणीबद्दल आभार. दर वेळी आमचा मांडव, तालुक्याचे पुढारी असलेल्या साहेबांना गादी-तक्के, आणि खडी फोडणारे समोर उन्हात. साहेबांची उधारी तान्हेपण ओलांडून लग्नाला आली, तरी बंद पत्रांना उत्तर नाही. आमच्या पाच हमालांना दोन महिने मजुरी नव्हती. त्या सोमवारी त्यांच्यातला गणपत दारात उभा राहिला. हात फुटलेले.

"वहिनी, ज्या सायबाच्या मांडवाचं खांब रवलं, त्याच्याच खडीवर बसलोय आता. तितं आठवड्याला पैसं तरी मिळत्यात. तुमच्याकडं कवा मिळायचं?"

यजमान आत गेले. दिवाणजींनी एक कार्ड पुढे ओढलं आणि लिहून मला दाखवलं. "साहेबांच्या कृपेने सात सभांना सावली मिळाली. मांडव घालणारे पाचजण सध्या साहेबांच्याच खडीवर उन्हात आहेत. भाडे मिळाल्यास त्यांनाही सावलीत आणता येईल."

"उघडं पाठवता?" मी म्हटलं.

"लग्नाची झाली, वहिनी."

टपालाच्या पेटीत ते मीच टाकलं.

साहेबांच्या ओसरीवर अर्ज घेऊन बसलेल्या लोकांपुढे पोस्टमनने ते मोठ्यानं वाचलं म्हणे. चौथ्या दिवशी साहेबांची जीप आली. चिटणिसानं नोटांचं पाकीट गल्ल्यावर ठेवलं, पूर्ण रक्कम. मग खिशातून कार्ड काढलं.

"कुणाचं अक्षर?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादीकडे.

"माझं हाय," दिवाणजी म्हणाले.

"सायबांना लई आवडलं. पन शेठ, पुढच्या सभेला मांडव तुमचा पायजे का न्हाई? पायजे असंल तर हे अक्षर दुकानात नको."

यजमान म्हणाले, "बरं."

दिवाणजींनी आधी नोटा मोजल्या. पावती लिहिली, सही केली, टिपकागदानं टिपली. पाचही हमालांना बोलावून मजुरी चुकती केली. गणपतचा अंगठा नीट उमटला नाही म्हणून पुन्हा घेतला. मग छत्री घेतली. त्यांचा स्वतःचा तीन महिन्यांचा पगार राहिला होता, कारण हमालांच्या आधी तो घ्यायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. यजमान म्हणाले, "सोमवारी बघू." सोमवारी म्हणाले, "आता ते आपल्याकडं कुठं आहेत?" मी वही मिटली.

साहेबांनी शब्द पाळला. पुढच्या सभेला मांडव आमचाच होता. त्याचं भाडं अजून यायचं आहे. आम्ही ते बंद पत्रातून, सवडीने मागतो.

दिवाणजी देवळाली प्रवऱ्याला लेकीकडे गेले. यंदा सात वर्षं झाली. गणपत मधे भेटून आला. म्हणाला, डोळ्यांनी कमी दिसतं, पण चौकशी सगळ्यांची केली, पैशांचा शब्द नाही. दर पाडव्याला मी नवी यादी करते. कनाती शिवणे, खुर्च्या रंगवणे, कर्णे दुरुस्त करणे, हे वर्षाच्या आत होतं आणि त्यावर मी रेघ मारते. सगळ्यात वर लिहिलेलं एक काम राहिलं आहे : दिवाणजी, तीन महिने, स्वतः जाऊन देणे. पैसे मी कधीच बाजूला काढून ठेवले आहेत. देवळालीची एस.टी. रोज दुकानासमोरून जाते.